हंगामातले दोन दिवस

बार्शीच्या भुसार पेठेत तीन पिढ्या आडतीचा व्यवसाय करणाऱ्या एका जैन घराच्या गोदामामागे, कडुनिंबाखाली, एक जीप बावीस वर्षे उभी होती. १९७४ सालची, महिंद्राने विलिजच्या परवान्याखाली बांधलेली, उंच बॉनेटची. या गाड्यांचे बॉनेट उंच असण्याला कारण होते. तिच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवले होते आणि धूर बाहेर टाकणारे बाजूला ब्लॉकमध्ये राहिले होते. इंजिनाची उंची त्यामुळे वाढली आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही वर उचलावे लागले.

घरातील वडीलधाऱ्या आबांनी ही जीप घेतली तेव्हा समाजातील काही मंडळी नाराज झाली होती. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कारखान्याची फियाट मिळत असताना सरकारी साहेबांसारखी जीप कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. आबांनी वाद घातला नाही. खेडोपाडी खळ्यावर जाऊन माल पाहायचा, सौदा करायचा आणि जमल्यास चार पोती बरोबर घेऊन यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. पावसाळ्यातील काळ्या रानाच्या वाटा फियाटला पेलणाऱ्या नव्हत्या. जीपला मात्र मुख्य गिअरच्या शेजारी आणखी दोन लहान दांड्या होत्या. एकीने पुढची चाकेही इंजिनाला जोडली जात, दुसरीने गाडीची ताकद वाढे आणि वेग घटे. चाके जोडल्याशिवाय दुसरी दांडी पडत नसे. कुंथलगिरीच्या यात्रेला घरातील बायकामुले याच जीपमधून जात. आचार्य शांतिसागर महाराजांच्या सल्लेखनेच्या वेळी, १९५५ साली, बैलगाडीने तेथे गेलेल्या आजीबाईंना जीपचा प्रवास फार लवकर संपतो असे वाटे.

१९९८ च्या माघात येडशीचा घाट उतरताना गाडीचे ब्रेक गेले. तुरीचा हंगाम होता, मागे भरलेला ट्रेलर होता, त्यावर दोन हमाल बसले होते. गाडी चालवणारा ड्रायव्हर पेढीवर अठरा वर्षे होता. घरातील मुले त्याला मामा म्हणत. पेडल जमिनीला टेकले तसे त्याने गाडी दरीच्या बाजूला जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगावर घातली. हमाल गवतात फेकले गेले आणि बचावले. ट्रेलरच्या रेट्याने जीप उजव्या कुशीवर कलंडली. मामाचा उजवा पाय तिच्याखाली सापडला. सोलापूरला दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय राहिला, पण दोन बोटे आखूड झाला.

दवाखान्याचा सगळा खर्च पेढीने केला. पुढे सहा वर्षे मामाला वजनकाट्यावर बसवले आणि तो गावी परतल्यावरही दर दिवाळीला आबांचे थोरले चिरंजीव अण्णा स्वतः त्याच्या घरी कापड आणि पाकीट घेऊन जात राहिले. समाजात या गोष्टीचे कौतुक होते. अपघाताविषयी कोणी विचारले तर अण्णा एवढेच म्हणत, ‘असाता कर्माचा उदय. दुसरं काय?’ जीप ओढून आणली, कडुनिंबाखाली उभी केली आणि त्यानंतर अण्णांनी कोणतीही गाडी स्वतः चालवली नाही.

२०२० च्या चैत्रात टाळेबंदी आली. बाजार समितीतील सौद्यांच्या वेळा आखडल्या, दुकान दुपारीच बंद होऊ लागले. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ तशीही लांब असते. त्या दिवसांत ती फारच लांबली. अण्णांचा धाकटा मुलगा, वय अडतीस, पेढीचे हिशेब सांभाळणारा, एके दिवशी पाना आणि रॉकेलचा डबा घेऊन गोदामामागे गेला. त्याच्या डोक्यात मोठे बेत होते. रुंद टायर, चार इंच उंच केलेली बॉडी, नवे डिझेल इंजिन, पुढे लोखंडी गार्ड, वर दिव्यांची रांग. मोबाइलवर त्याने तशा जीपची शेकडो छायाचित्रे जमवली होती.

बॉनेट उघडल्यावर पहिले काम आठ दिवसही चालले नाही. बॅटरीच्या रिकाम्या खणात दयाळ पक्ष्याने घरटे केले होते आणि त्यात चार अंडी होती. अण्णांना कळताच त्यांनी काम थांबवायला सांगितले. पिले उडून जाईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. अंडी उबायला दोन आठवडे, पिलांना पंख फुटायला आणखी दोन. घरातील मुले गच्चीवरून टेहळणी करीत. मुलगा त्या महिन्यात जुन्या पुस्तिका वाचत बसला आणि त्याच्या बेतांतील पहिला बेत तेव्हाच गळाला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपासून वाहन वेगळे पडेल असा बदल करता येणार नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी हवी. उंच बॉडी आणि रुंद टायर हा तर सरळ दंडाचाच मार्ग. शिवाय उंच केलेली गाडी वळणावर अधिक कलते. घाटात कलंडलेल्या गाडीच्या बाबतीत ही गोष्ट घरात कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

पिले उडाली आणि काम पुन्हा सुरू झाले. पेठेतील जुने मेस्त्री, ज्यांना सारे गाव चाचा म्हणते, रविवारी सकाळी येऊन मार्ग दाखवीत. बाकी सहा दिवस मुलगा एकटाच असे. इंजिन जाम झाले होते. स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल यांचे मिश्रण ओतले आणि दहा दिवस तसेच मुरू दिले. मग पुढून हँडल लावले. चाचांनी बजावले होते, ‘जोर नाही लावायचा. रोज थोडं पुढे, थोडं मागे.’ तिसऱ्या दिवशी हँडल बोटभर हलले, सातव्या दिवशी पूर्ण फिरले. पेट्रोलची टाकी या जीपमध्ये ड्रायव्हरच्या आसनाखाली असते. ती काढून आत मूठभर बारीक खडी टाकली आणि दोघांनी ती तासभर हलवली, तेव्हा गंजाचा तांबडा चिखल बाहेर आला. कार्ब्युरेटर तीनदा उघडावा लागला. पाट्यांची बुशे, चाकांच्या बेअरिंगा, पुढच्या चाकांच्या गोल सांध्यांवरील ऑइल सील, सगळ्या रबरी नळ्या असा एकेक भाग पुणे आणि मुंबईहून येत राहिला. पहिल्या वर्षीचा चातुर्मास त्यातच गेला.

या कामाला घरची शिस्त होती. जळके ऑइल जमिनीवर ओतायचे नाही. ते डब्यात साठवून चाचांच्या गॅरेजमार्फत द्यायचे, कारण कडुनिंबाच्या मुळाशी मुंग्यांचे वारूळ होते. रात्री दिवा लावून काम करायचे नाही, दिव्यावर किडे येतात. मुलाने स्टेअरिंगला चामड्याचे कव्हर मागवले होते, ते आईने पार्सल उघडल्याबरोबर परत पाठवायला लावले. आसनांना रेक्झिन आले. मुलगा कधी कधी कुरकुरला, पण मोडता कोणी घातला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात ब्रेकची वेळ आली. या जीपच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि चारही चाकांपर्यंत तेल नेणारा मार्ग एकच. ब्रेकचे पेडल ज्या मास्टर सिलिंडरला दाबते तो फळीखाली चेसिसला बसवलेला असतो. त्यातील तेल पाहायचे तर पायाखालचे पत्र्याचे झाकण खोलावे लागते. जे सहज दिसत नाही ते कोणी रोज पाहत नाही, हा यंत्रांच्या जगातील जुना अनुभव आहे. तेल हवेतील ओल शोषून घेते, आतील लोखंड गंजते, रबर फुगते, आणि एका ठिकाणी गळती झाली की चारही चाके एकदम निकामी होतात.

मुलाने मागचे डावे चाक उतरवले तेव्हा त्याला एक विचित्र वस्तू दिसली. व्हील सिलिंडरकडे जाणारा लोखंडी पाइप मध्येच कापून त्याचे टोक दुमडले होते आणि ठोकून सपाट केले होते. म्हणजे त्या चाकाला ब्रेकच नव्हता. त्याने तो तुकडा रविवारी चाचांना दाखवला. चाचांनी तो बोटांत फिरवून पाहिला. ‘हे गॅरेजचं काम नाही,’ ते म्हणाले. ‘आम्ही पाइप बंद करताना नट बसवतो. हा कोणीतरी घरीच हातोडीने चेपलाय. चाक गळत असेल, तेल वाया जाऊ नये म्हणून. पण बेटा, असं केलं की ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते. आणि जे तीन चाकांचं तेल उरतं त्यावर सगळा भार.’ मुलाने तुकडा धुऊन गोदामाच्या खिडकीत ठेवला. अण्णा रोज सकाळी त्या खिडकीपाशी पक्ष्यांना दाणे टाकीत. तो तेथे पाच-सहा दिवस होता; मग दिसेनासा झाला.

रुंद टायर, दिवे आणि गार्ड यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मुलाने ब्रेकवर घातली. जुन्या एकेरी मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी सिलिंडर बसवला. एकाच नळीत एकामागे एक दोन दट्टे, पुढच्या चाकांचे तेल वेगळे, मागच्या चाकांचे वेगळे. एकीकडे गळती झाली तरी दुसरी जोडी गाडी थांबवते. नवे पाइप, नव्या रबरी नळ्या, चारही चाकांना नवे सिलिंडर. गाडीच्या रूपात या बदलाने रेघेइतकाही फरक पडला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला त्या खर्चाचा पत्ताच लागू नये अशी ती सुधारणा होती.

ब्रेकमधील हवा काढायला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने गाडीखाली जाऊन चाकामागचा निपल सैल करायचा, बुडबुडे जाऊन स्वच्छ तेल आले की आवळायचा आणि मगच पेडल सोडायला सांगायचे. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची. उजव्या बाजूच्या स्टेअरिंगच्या गाडीत ते मागचे डावे चाक. त्या संध्याकाळी घरात दुसरे कोणी मोकळे नव्हते. मुलाने अण्णांना हाक मारली. अण्णा आले, थोडा वेळ उभे राहिले आणि मग धोतर सावरून आसनावर बसले. तेवीस वर्षांनी.

‘दाबा, अण्णा. धरा.’

निपल सुटला, काचेच्या बाटलीत बुडबुडे आले.

‘सोडा. पुन्हा दाबा.’

असे सात-आठ वेळा झाले. गाडीखालून मुलाला फक्त वडिलांच्या चपला दिसत होत्या. मग चपला हलल्या नाहीत आणि वरून आवाज आला.

‘तो पाइप मी चेपायला लावला होता.’

मुलगा काही बोलला नाही. अण्णाच सांगत राहिले. १९९७ ची दिवाळी, उडदाची आवक जोरात. मागचे डावे चाक गळत होते. मामाने सांगितले, गाडी दोन दिवस गॅरेजला लावू, सिलिंडर बदलू. अण्णा म्हणाले, हंगामात गाडी उभी राहणार नाही. तूर्त पाइप दाबून टाक, आठवड्याने बघू. आठवड्याचे तीन महिने झाले. मामाने मधे दोनदा आठवण केली. उडीद संपला, तूर आली. माघात पुढच्या चाकाची रबरी नळी फुटली आणि उरलेले सगळे तेल त्या वाटेने गेले.

‘मी लोकांना असाता कर्म सांगत होतो,’ अण्णा म्हणाले. ‘मनात उद्योगी हिंसा म्हणत होतो. व्यापारात टळत नाही ती. पण ती टळत होती. दोन दिवसांत टळत होती. शास्त्रकारांनी हिंसेच्या मुळाशी प्रमाद ठेवला आहे, मी वर्षानुवर्षे स्वाध्यायात ते ऐकतोय. ज्याचं कर्म त्यालाच भोगायचं, हे खरं. पण निमित्त कोण झालं?’

थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. ‘गेल्या वर्षी चार अंड्यांसाठी मी तुला महिनाभर थांबवलं. तेव्हापासून झोप नाही.’

मुलाने विचारले, ‘मामाला तुम्ही कधी बोललात?’

‘पाकीट दिलं. बोललो नाही.’

पुन्हा शांतता. मग मुलगा म्हणाला, ‘अण्णा, दाबा. अजून हवा आहे.’ आणि अण्णांनी पेडल दाबले. अंधार पडेपर्यंत चारही चाके झाली.

नोंदणीची मुदत कधीच संपली होती. थकलेला दंड, पर्यावरण कर, तपासणीची फी भरून आणि इंजिन व चेसिसच्या क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलने घेतलेले छाप सादर करून कागदपत्रे पूर्ण व्हायला श्रावण उजाडला. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ब्रेक दोनदा तपासले आणि गाडी पहिल्याच खेपेला पास केली. या साऱ्या फेऱ्यांत सांगण्यासारखे फारसे काही नाही. ज्यांनी केल्या आहेत त्यांना ठाऊकच आहेत.

२०२१ चे दशलक्षण पर्व झाले. भाद्रपद वद्य प्रतिपदेला मंदिरात क्षमावाणी झाली, सर्वांनी सर्वांना हात जोडले. दुपारी अण्णा मुलाला म्हणाले, ‘जीप काढ.’ मामाचे गाव घाटाच्या वर, येडशीपलीकडे. चढावर इंजिन तापले, एकदा थांबून पाणी घालावे लागले. अण्णा डावीकडच्या आसनावर बसून होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी जड होते.

मामा ओसरीवर बसला होता. जीप पाहून काठीशिवायच उठायला गेला. अण्णांनी त्याला बसवले, स्वतः जमिनीवर बसले, खिशातून पाइपचा तुकडा काढून दोघांच्या मध्ये ठेवला आणि हात जोडले. जे मुलाला सांगितले होते तेच, त्याहून थोड्या शब्दांत सांगितले.

मामाने तुकडा उचलला. बराच वेळ पाहिला.

‘शेटजी, हा माझ्याच हातानं चेपलेला आहे,’ तो म्हणाला. ‘तुम्ही सांगितलं, पण हातोडी माझ्या हातात होती. गाडी मला माहीत होती, तुम्हाला नव्हती. मी नाही म्हणू शकलो असतो.’

‘तू नाही म्हणाला असतास तर मी दुसरा ड्रायव्हर पाठवला असता.’

मामाने मान हलवली. ‘ते बी खरंच आहे.’

त्याच्या कारभारणीने पाणी आणले. अण्णांसाठी गाळून, उकळून आणलेले. इतक्या वर्षांनी तिला ते आठवत होते. क्षमा केली की नाही, हा शब्द मामाने उच्चारला नाही आणि अण्णांनी पुन्हा विचारला नाही.

मग मामा म्हणाला, ‘गाडी दाखवा.’ मुलाने पायाखालचे झाकण खोलून दुहेरी सिलिंडर दाखवला. मामाने आत बोट घालून प्रत्येक जोड चाचपला, मग पेडल हाताने दाबून पाहिले. ‘घट्ट आहे,’ तो म्हणाला. ‘पण हे झाकण दर अमावस्येला उघडायचं. मी कंटाळा करायचो.’ त्याने मुलाला चाकांच्या बेअरिंगांविषयी दोन प्रश्न विचारले, मुलाला एकाचे उत्तर देता आले नाही आणि मामाला त्याचा आनंद झालेला दिसला.

‘आज जेवायला घरी चल,’ अण्णा म्हणाले. ‘सूर्य मावळायच्या आत पोहोचायला हवं.’

उतारावर मुलगा गाडी चालवत होता. मामा शेजारी, अण्णा मागच्या बाकावर लोखंडी दांड्याला धरून. डोंगराची ती कड आली तेव्हा कोणी बोलले नाही. मुलाने आधीच दुसरा गिअर टाकला होता. तरीही प्रत्येक वळणाआधी मामाचा आखूड पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला जात होता, आणि गाडी थांबण्याइतकी मंद झाली की सुटत होता.